सव्वा फेरा

आमच्या बाबांसमोर "घड्याळ बंद पडलं" एवढंच म्हणायची सोय नाही. लगेच उलटतपासणी सुरू होते. कधी पडलं? हातात असताना की टेबलावर? पडायच्या आधी मागे पडत होतं की पुढे जात होतं? गिऱ्हाईक बिचारं वैतागून म्हणतं, "अहो, ते कळत असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?" बाबा तिकडे लक्ष देत नाहीत. छोट्या लिफाफ्यावर बारीक अक्षरात सगळं लिहून घेतात, घड्याळ आत सरकवतात आणि "गुरुवारी या" म्हणतात. आज वार कुठलाही असो, बाबांचा वायदा गुरुवारचाच.

एकेचाळीस वर्षं त्यांनी हे केलं. दुकान कसलं, औषधांचं दुकान आणि चपलांचं दुकान यांच्यामध्ये उरलेली फट होती ती. आत एक माणूस बसला की दुसऱ्यानं बाहेर उभं राहायचं. मी शाळेतून येऊन बाहेरच्या पायरीवर बसायचे आणि बाबांची पाठ बघायचे. त्यांनी मला घड्याळ दुरुस्त करायला शिकवलं नाही, पण दोन गोष्टी कायमच्या डोक्यात भरवल्या. एक, स्क्रू काढताना फेरे मोजायचे, म्हणजे लावताना तेवढेच देता येतात. दोन, स्क्रू जिथे 'बस' म्हणतो तिथे थांबायचं, त्याच्यापुढे जबरदस्ती करायची नाही. पहिलीची मला इतकी सवय झाली की बरणीचं झाकण उघडतानाही मी फेरे मोजते. दुसरी माझ्या स्वभावात बसत नाही. मी झाकण लावलं की ते आईला उघडत नाही.

आठ महिन्यांपूर्वी बाबांनी दुकानाला कुलूप लावलं. कारण एवढंच, की एका बाईंचं लहानसं मनगटी घड्याळ त्यांनी तीनदा दुरुस्त केलं आणि तीनदा ते परत आलं. बाई भल्या होत्या, रागावल्या नाहीत. बाबांना तेच जास्त लागलं. चहाचा कप धरताना त्यांची बोटं थोडी थरथरायची, हे आम्ही सगळे बघत होतो आणि सगळेच बघितलं नाही असं दाखवत होतो. एक दिवस ते म्हणाले, "हात गेला." मग हत्यारांची लाकडी पेटी घरी आली आणि बाहेरच्या खोलीतल्या कपाटावर जाऊन बसली.

त्याच सुमारास मी घरून काम करायला लागले. माझं काम म्हणजे इमारती बांधायच्या आधी त्या कशा दिसतील याची चित्रं तयार करणं. चित्र मी मांडते, पण ते पूर्ण करायला संगणकाला कधी तासभर, कधी पाच तास राबावं लागतं. जुना लॅपटॉप या कामात धापा टाकायचा. नवा, दणकट संगणक सुटे भाग आणून जोडून घ्यावा असं ठरलं, आणि तो जोडायला मी माणूस शोधायला लागले.

"माणूस कशाला? भाग आण. मी जोडतो," बाबा म्हणाले.

मी हसले. हसायला नको होतं. ते पेपर खाली ठेवून म्हणाले, "हा माझ्या हातून नीट उभा राहिला तर दुकान पुन्हा उघडीन. नाही राहिला तर पेटी टोलेमास्तरांना देऊन टाकतो. म्हणजे एकदाचा निकाल लागेल."

टोलेमास्तर म्हणजे पलीकडच्या गल्लीतले भिंतीवरच्या घड्याळांचे दुरुस्तीवाले. नाव बाबांनीच पाडलेलं. "बाबा, काहीतरीच काय," असं मी म्हटलं खरं. पण आईनं माझ्याकडे असं बघितलं की दुसऱ्याच दिवशी मी भाग आणायला गेले.

तीन दुपारी ते काम चाललं. बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर पांढरी चादर चौघडी करून अंथरली, त्यावर संगणकाची पेटी आडवी ठेवली, आणि बाबा डोळ्याला भिंग लावून बसले. संगणकाचा स्क्रू भिंगातून बघणारा तो जगातला पहिलाच माणूस असावा. प्रोसेसरच्या डोक्यावर, त्याला गार ठेवायला, अर्ध्या विटेएवढा धातूचा ठोकळा पंख्यासकट बसवायचा असतो. त्याला चार कोपऱ्यांत चार स्क्रू, प्रत्येकाखाली स्प्रिंग. सोबतच्या कागदावर नुसती चित्रं होती, शब्द एकही नाही. बाबांनी ती चित्रं चारदा बघितली आणि चारही स्क्रू आळीपाळीनं थोडे थोडे फिरवत बसवले. तिसऱ्या दुपारी बटण दाबलं आणि पंखे फिरले, पडदा उजळला. आईनं चहा केला. बाबांनी कप दोन्ही हातांनी धरला होता.

मग मी संगणक माझ्या खोलीत नेला, टेबलाखाली उभा केला, काम लावलं, आणि विसाव्या मिनिटाला तो गेला.

गेला म्हणजे अडकला नाही, कुरकुरला नाही, पडद्यावर काही सूचना आली नाही. दिवा मालवावा तसा गेला. पुन्हा लावला, पुन्हा वीस मिनिटं. बाबा दारात उभे होते. "काय करत होता जाण्याआधी?" त्यांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या गिऱ्हाइकांची दया आली.

पुढचे पाच आठवडे कसे गेले ते मला अजून नीट सांगता येत नाही. आमच्या घरात तेव्हा कुणाला काहीच कळत नव्हतं आणि प्रत्येकाचं एक ठाम मत होतं. बाबांनी नवा लिफाफा काढला. संगणक बाहेर आणून आडवा करायचा, उघडायचा, एक गोष्ट बदलायची, तिथेच चालवून बघायचा. चालला की बंद करून माझ्या खोलीत, टेबलाखाली. तिथे तो जायचाच. बाहेर अख्खी दुपार ठणठणीत, आत वीस मिनिटांत गार. पाहुण्यांसमोर शहाणं वागणारं पोर असतं ना, तसं त्याचं चाललं होतं.

भाग विकणाऱ्या गृहस्थांना आम्ही 'बघूया' म्हणायचो, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य तिथेच संपायचं. ते म्हणाले, "तापत असेल, बघूया." बाबांनी तो टेबलावर चालवला, पडद्यावर तापमानाचा आकडा लावून ठेवला आणि दर पाच मिनिटांनी लिहून काढला. आकडा अगदी सभ्य. लिफाफ्यावर नोंद झाली, 'उष्णता: नाही', आणि खाली दोन रेघा. बाबांनी दोन रेघा मारल्या की तो विषय संपला. 'बघूया' म्हणाले, मेमरीची पट्टी खराब असेल. दोन्ही पट्ट्या एकेक काढून चालवल्या. ही असताना जायचा, ती असताना जायचा. मग त्यांनी वीज पुरवणारा डबा उसना दिला. तो लावला, तरी गेला. जुना परत लावला.

आता माझ्या खोलीवर संशय गेला. बाहेरच्या खोलीतून लांब वायर ओढून माझ्या टेबलापर्यंत वीज आणली. दोन दिवस सगळे त्या वायरीत पाय अडकवून पडत होतो. संगणक गेलाच. मी सतरंजी काढली, पडदे काढले. आईची इस्त्री बंद करवली. "तुझ्या यंत्रासाठी मी काय चुरगळलेली साडी नेसून फिरू?" असं ती म्हणाली. इस्त्री बंद असतानाही तो गेला, तेव्हा तिनं मुद्दाम येऊन "बघ!" म्हटलं. तिचं स्वतःचं मत असं होतं की त्या खोलीत पहिल्यापासून काही टिकत नाही. तिथे कुंडी वाळते, तिथे भिंतीला ओल येते.

"नाचता येईना, अंगण वाकडं," बाबा पुटपुटले. पण तेही माझ्या खोलीच्या भिंतीला हात लावून उभे राहिलेले मी बघितले. एकदा तर त्यांनी टेबलाला कान लावला.

"मग बाहेरच ठेव की आडवा, इथेच बसून काम कर," आई म्हणाली. साधी गोष्ट होती. पण बाबा ऐकेनात. "दुखणं लपवलं म्हणजे बरं झालं का? इथे चालतो आणि तिथे चालत नाही, त्याला काहीतरी कारण असणार. ते मला सापडत नाही, एवढंच." शेवटचे तीन शब्द त्यांनी फार हळू म्हटले.

साप साप म्हणून आम्ही भुई धोपटत होतो. माझं डोकं भणभणायचं. मला वाटायचं, ज्याच्यावर बोट ठेवावं ती प्रत्येक गोष्ट निर्दोष निघते, तर मग दोष राहतो कुठे? भाग चांगले, वीज चांगली, खोलीत काही नाही. उरलं काय? उरले जोडणारे हात. हे मला कळत होतं आणि बाबांनाही कळत होतं. आम्ही दोघं त्याच्या भोवतीनं फिरत होतो.

एका सोमवारी माझ्याकडून ते बोललं गेलं. मंगळवारी संध्याकाळी एका शाळेच्या इमारतीची चित्रं द्यायची होती. तीन तासांच्या चित्राच्या विसाव्या मिनिटाला संगणक गेला. मी हाका मारल्या. बाबा आले, वाकून त्यांनी तो टेबलाखालून ओढला, तिथेच जमिनीवर आडवा केला, झाकण काढलं आणि डोळ्याला भिंग लावलं. ते भिंग बघून माझं टाळकंच सरकलं.

"बाबा, पुरे झालं! तुमचा हात राहिला नाही आता. मान्य करा ना एकदाचं!"

आई दारात होती. तिनं तोंडावर हात ठेवला. बाबांनी भिंग काढून खिशात टाकलं, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि बाहेर गेले. रागावले असते तर बरं झालं असतं. सकाळी त्यांनी कपाटावरची पेटी काढली, फडक्यानं पुसली आणि आईला म्हणाले, "टोलेमास्तरांकडे जाऊन येतो."

आई माझ्याशी बोलत नव्हती. मी माझ्या खोलीत बसून होते आणि स्वतःची इतकी लाज वाटत होती की कुठे बघावं कळेना. पण चित्रं द्यायची होतीच. संगणक बाबांनी सोडला तसाच जमिनीवर आडवा, उघडा पडला होता. उचलून उभा करायचंही मन होईना. तसाच लावला आणि चित्र सुरू केलं.

वीस मिनिटं गेली, तीस गेली. तास झाला. मी खुर्चीत हलायचंसुद्धा बंद केलं. माझ्याच खोलीत, माझ्याच विजेवर, ओल्या भिंतीशेजारी तो चालला होता. आई इस्त्री करत होती, तरी चालला होता. चित्र पूर्ण झालं.

मग मी तो उभा केला आणि दुसरं चित्र लावलं. अठराव्या मिनिटाला गेला. आडवा केला, लावला, नीट चालला. मला काही समजेना. संगणकाला काय ठाऊक आपण झोपलोय की उभे आहोत? बंद करून मी आत हात घातला आणि एकेक गोष्ट हलवून बघितली. सगळं घट्ट होतं. तो धातूचा ठोकळा मात्र बोटानं डुलला. आडवा असताना तो स्वतःच्या वजनानं प्रोसेसरवर बसत होता. उभा केला की वजनानं पुढे झुकून केसभर सुटत होता, आणि खालचा प्रोसेसर भाजून निघत होता. तापमान आम्ही मोजलं होतं ते फक्त आडव्याचं.

मी स्क्रूड्रायव्हर आणला आणि पहिला स्क्रू पिळला. सवयीनं मोजला. सव्वा फेरा फिरला आणि आपोआप अडला. म्हणजे तो सव्वा फेरा ढिला होता. म्हणजे बाबांचीच चूक. खरं सांगते, क्षणभर मला बरं वाटलं. मी म्हटलं होतं तेच खरं निघालं. दुसरा पिळला. सव्वा फेरा. तिसरा, सव्वा. मग चौथाही पिळला.

ज्याचा हात गेलाय त्याचा एक स्क्रू अर्धा फेरा ढिला राहील, दुसरा दोन फेरे राहील. चार कोपऱ्यांत चार स्क्रू, मोजमाप नाही, कागदावर शब्द नाही, नुसत्या बोटांच्या अंदाजानं लावलेले, आणि सगळे जवळजवळ एकाच जागी थांबलेले. स्प्रिंगनं जरा उलटा जोर दिला तिथे घड्याळांना सरावलेल्या हातानं 'बस' ऐकलं आणि तो थांबला. मी चपला उलट्यासुलट्या घालून पळत सुटले.

टोलेमास्तरांच्या दुकानात पेटी काउंटरवर उघडी होती. टोलेमास्तर एक चिमटा उजेडात धरून बघत होते आणि बाबा स्टुलावर बसले होते.

"बाबा, सापडलं. ठोकळ्याचे स्क्रू ढिले होते."

त्यांचा चेहरा पडला. "मीच लावलेले."

"तुम्हीच. पण चारही सव्वा फेरा. चारही सारखे!" मी धापा टाकत सगळं सांगितलं. आडवा, उभा, वजन, स्प्रिंग.

टोलेमास्तरांना बाबांच्या आधी समजलं. त्यांनी चिमटा पेटीत ठेवला. "अहो, मनगटी घड्याळ तुम्ही सहा बाजूंनी ठेवून तपासता. आणि हे एवढं धूड एकाच बाजूनं तपासलंत?"

"डोक्यातच आलं नाही," बाबा म्हणाले. "मला वाटलं, संगणक म्हणजे नुसती पेटी."

"आणि स्क्रू असा लावतात? आमच्या धंद्यात असा लावला तर लंबक गिऱ्हाइकाच्या डोक्यात पडेल." टोलेमास्तरांनी पेटीचं झाकण लावलं आणि ती बाबांकडे सरकवली. "घरी जा. मला नको ही असली नाजूक हत्यारं."

पण बाबांनी पेटीला हात लावला नाही. माझ्याकडे बघत म्हणाले, "चारही सारखे कसे असतील? तू काल बोललीस ते आज भरून काढायला सांगतेयस."

मी नाही म्हटलं, शपथ घेतली. त्यांना पटेना. शेवटी पेटी मीच उचलली आणि आम्ही घरी आलो.

घरी आल्यावर त्यांनी संगणक आडवा ठेवायला लावला, चारही स्क्रू पूर्ण काढले आणि आईला बोलावलं. "तू मोज. हिच्यावर माझा भरवसा नाही."

ते बरोबरच होतं. माझी आई कुणाला बरं वाटावं म्हणून खोटं बोललेली मी कधी ऐकलेली नाही. माझ्या मावशीच्या लग्नात मावशीलाच ती "साडी तुला शोभत नाही" असं मांडवात म्हणाली होती. मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका लावला, म्हणजे फेरा मोजता येईल. बाबांनी डोळे मिटले. स्क्रूड्रायव्हर उचलताना त्यांची बोटं थरथरत होती. टोक स्क्रूच्या खाचेत बसलं आणि थरथर थांबली. आळीपाळीनं, थोडे थोडे, चारही स्क्रू त्यांनी लावले. मग हात मागे घेऊन भिंतीशी जाऊन उभे राहिले.

मी पिळायला बसले. आई ठिपक्यावर नजर लावून वाकली.

"सव्वा," ती म्हणाली.

दुसरा. "सव्वा."

तिसऱ्याला तिनं चष्मा पुसला. "सव्वाच."

चौथा मी अगदी हळू पिळला, कारण एक गोष्ट मी दुकानात सांगितली नव्हती. आई बराच वेळ ठिपक्याकडे बघत राहिली. "हा जास्त आहे. सव्वाहून थोडा जास्त."

बाबांनी मान खाली घातली. "बघ," ते म्हणाले. "म्हटलं नव्हतं मी?"

"बाबा," मी म्हटलं, "सकाळीही तो जास्तच होता. मी तुमच्यापासून लपवलं."

"किती जास्त?"

"एवढाच. सकाळी फेरा याच जागी अडला होता. याच, बघा."

ते आले. खाली बसले आणि भिंग डोळ्याला लावून तो ठिपका बघत राहिले. मग त्या कोपऱ्यात बोट घालून बघितलं. तिथे पंख्याची कड मध्ये येत होती, मनगट पूर्ण वळत नव्हतं. पाच आठवड्यांपूर्वीही ती कड तिथेच होती. त्यांनी ते बोट तिथेच ठेवलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि भिंगामागचा एक डोळा फारच मोठा दिसत होता. मी "चुकलं माझं" म्हणाले. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे.

"पक्के तू केलेस तेच बरं," ते उठत म्हणाले. "मला त्याच्यापुढे जाववत नाही." आणि खुंटीवर दुकानाची किल्ली शोधायला लागले.

"आठ महिन्यांत कुलूप गंजलं असेल," आई म्हणाली. "तेलाची बाटली घेऊन जा."